सारखे ते एकच

भाऊराव सरांनी शाबासकी दिली त्या दिवशी रुबिना मलकापूरच्या ऑफिसातून घरी गेली ती हवेतच. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या शाबासकीची, म्हणून सुरुवात तिथूनच केलेली बरी.

तो गुलाबी बोंडअळीचा हंगाम होता. बीटी कपाशीला अळी शिवत नाही असं जे छातीठोकपणे सांगत फिरले होते, ते आता तोंड लपवत होते. बोंड फोडावं तर आत अळी. नुकसानभरपाईसाठी कृषी खात्याकडे तक्रारींचे अर्ज ढिगाने आले. ते कॉम्प्युटरवर चढवून तपासणी पथकासाठी गावनिहाय यादी काढायचं काम सरांच्या छोट्याशा कंपनीने घेतलं होतं, आणि प्रोग्राम लिहायचा होता रुबिनाने. पथक यादीतल्याच वावरात जाणार. यादीत नाही, त्याची तक्रारच नाही.

अडचण एकच होती. बरेच अर्ज दोन-दोनदा चढले होते आणि नावांवरून ते ओळखू येईनात. एकदा शेषराव, एकदा शेशराव, एकदा नुसतंच आडनाव. रुबिना वैतागली. नावाची कटकटच नको म्हणून तिने अ‍ॅनॉनिमस टाइप वापरला. प्रोग्राममध्ये एरवी प्रत्येक गोष्टीचा क्लास लिहितात, त्याला रीतसर नाव ठेवतात. इथे ती भानगड नसते. जागच्या जागी एक बेनावाचा साचा करायचा, अर्जातले हवे तेवढे रकाने उचलायचे, बाकीचे सोडून द्यायचे. तिने तीन उचलले: गाव, गट नंबर, क्षेत्र. नाव सोडलं. अर्ज क्रमांकही सोडला.

ह्या साच्याची एक खोड आहे. नाव ठेवलेल्या क्लासच्या दोन वस्तू हुबेहूब असल्या तरी, मुद्दाम वेगळं सांगितलं नाही तर, मशीन त्या दोनच धरतं. बेनावाच्या साच्यातल्या दोन वस्तू सगळ्या रकान्यांत जुळल्या की मात्र ती त्याच्या लेखी एकच. रुबिनाला नेमकं हेच हवं होतं. चार ओळींत यादी स्वच्छ झाली, आणि सर म्हणाले की पोरगी नाव काढणार.

जानेवारीत सोनाळ्याहून शालूबाई आल्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, दोन एसट्या बदलून आलेल्या. पिशवीत सातबारा, अर्जाची पावती आणि किडक्या बोंडांची पुडी. त्यांनी सगळं नीट क्रमाने सांगितलं. दीर शेषराव यांच्या वावरात पथक आलं, बोंडं फोडून पाहिली, आणि बांधापलीकडे शालूबाई उभ्या असताना गाडी वळून निघून गेली. विचारलं तर साहेब म्हणाले, तुमचा अर्ज डबल होता, मशीनने उडवला; मलकापूरच्या कॉम्प्युटरवाल्यांना विचारा. तपासणीआधी कपाशी उपटू नका असं पावतीवर छापलेलं होतं. बाकीच्यांचा हरभरा फुलावर आला आणि ह्यांची किडकी पऱ्हाटी अजून उभीच. पण त्यासाठी त्या आल्या नव्हत्या. गावात बोललं जात होतं की शालूबाईने दिराच्या वावरावरही अर्ज टाकला, दोन्हीकडून खायला बघितलं. ते त्यांना सोसवत नव्हतं.

रुबिनाने पावती हातात घेतली. गट एकशे बारा, एक हेक्टर वीस आर. शेषरावांचा अर्ज उघडला. गट एकशे बारा, एक हेक्टर वीस आर. दोघा भावांनी बापाचं वावर मधोमध वाटून घेतलं होतं, आणि नवऱ्यामागे त्याची निम्मी बाजू शालूबाईंकडे आली होती. ह्याच मातीत वाढलेल्या पोरीला एवढं सुचू नये? भाऊ-भाऊ वावर निम्मं-निम्मंच वाटतात. तिच्या स्वतःच्या अब्बांनी आणि चाचांनी घर वाटलं तेव्हा दोरी लावून वीत न् वीत मोजली होती, आणि दोरीचं एक टोक हिनेच धरलं होतं.

आणि तरी ती म्हणाली, "मशीनची गडबड आहे, मावशी. होते असं कधीकधी."

"मशीन खोटं बोलत नाही म्हणते लोक," शालूबाई म्हणाल्या. "मंग खोटी मीच ठरली ना."

रुबिनाने चहा मागवला. त्या दिवशी त्यांना तिच्याकडून मिळालं ते एवढंच.

त्या गेल्यावर तिने साच्यात अर्ज क्रमांक टाकला, खरे डबल हाताने वेगळे काढले, आणि गाळलेली अडतीस माणसं वर आली. भावाभावांची, जावाजावांची, सारख्या वाटणीची वावरं. सरांनी ती पाहिली आणि आवाज खाली आणला. बभ्रा नको, पुरवणी यादी म्हणून पाठवून दे, म्हणाले. यादीला मथळा हवा होता. रुबिनाने लिहिलं: उशिरा आलेले अर्ज. हे सरांनी सांगितलं नव्हतं. हे शब्द तिचे, आणि ते तिने निवडले कारण उशिरा आलेल्यांबद्दल कोणी काही विचारत नाही. आपलं पाप आपण अडतीस जणांच्या माथी मारतोय हे तिला कळत होतं, आणि बोटं काही थांबली नाहीत.

चार दिवसांनी शालूबाईंचा फोन आला. नाव आलं, पण मुदत टळलेले अर्ज तपासत नाही म्हणून पथकाने पुन्हा पाठ फिरवली होती. "मी तं पहिल्याच दिवशी भरला होता, मॅडम. पावतीवर तारीख आहे," त्या म्हणाल्या. "आता गाव म्हणते, डबल बी अन् उशिरा बी." आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच रुबिनाला फोन कानाशी धरवेना.

तिने तिथेच बसून कृषी खात्याला पत्र लिहिलं. चूक अर्जदारांची नाही, प्रोग्रामची आहे, आणि प्रोग्राम माझा आहे. खाली पूर्ण सही केली. सर भडकले, कंपनी बुडवतेस का म्हणाले. मला काढून टाका पण हे जाऊ द्या, असं ती म्हणाली, आणि पत्र गेलं. अडतीस वावरांची तपासणी लागली. तेवढ्यावर तिला थांबता आलं असतं. पण ऑफिसातलं पत्र गावच्या पारावर कोणी वाचत नाही, म्हणून तपासणीच्या दिवशी ती सोनाळ्याला गेली.

बांधावर पथक होतं, शेषराव होते, आणि गंमत बघायला जमलेली दहा-पंधरा माणसं होती. रुबिनाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मावशींनी एकच अर्ज भरला, पहिल्या दिवशी भरला, आणि तो मशीनने नाही, मी उडवला. शेषराव पायाने ढेकूळ फोडत राहिले. गावातल्या बोलण्यात त्यांनीही भर घातली असावी.

शालूबाई जवळ आल्या. त्यांना भांडायचं नव्हतं, समजून घ्यायचं होतं. "आम्ही दोघं एकच काऊन वाटलो मशीनले?" त्यांनी विचारलं. "माहं नाव तं येगळं आहे."

"नाव मी घेतलंच नव्हतं, मावशी," रुबिना म्हणाली. "गरज नाही वाटली."

शालूबाईंनी पऱ्हाटीचं एक किडकं बोंड तोडलं. मग हळू म्हणाल्या, "मालकाच्या मांगं सातबाऱ्यावर माहं नाव चढवाले दीड वर्ष खेटे घातले म्या. जन्मात पहिल्यांदा कुठं नाव लागलं होतं."

पथकातल्या माणसाने कोरा फॉर्म काढला आणि अर्जदाराचं नाव विचारलं. यादी रुबिनाच्याच हातात होती, पण तिने ती पुढे केली नाही. शालूबाईंनी स्वतःच सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश, आणि लिहून होईपर्यंत त्याच्या पेनावरून नजर काढली नाही. रुबिना मान खाली घालून उभी होती.