उलट दिशेचा पीळ

फुलंब्री रस्त्यावरच्या त्या महाविद्यालयात जीवशास्त्राच्या एका कायम जागेसाठी मुलाखती चालल्या होत्या. करुणा खिल्लारे आत शिरली तेव्हा निवड समिती जेवणानंतरच्या सुस्तीत होती. तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता करुणाची उमेद निरनिराळ्या महाविद्यालयांच्या जिन्यांवर झिजली होती. ही जागा हुकली तर पुढची जाहिरात कधी निघेल, हे सांगायला ज्योतिषीसुद्धा धजावला नसता.

मधल्या खुर्चीत संस्थेचे अध्यक्ष सर्जेराव होते. शेजारी विषयतज्ज्ञ डॉ. अभय धारूरकर, त्यांचं पाठ्यपुस्तक सारा जिल्हा पाठ करत असे आणि बहुधा म्हणूनच कोणी वाचत नसे.

"शिकवून दाखवा काहीतरी, मॅडम," सर्जेराव म्हणाले. "मला समजंल असं, बरं का."

तिने पिशवीतून लाल आणि पांढऱ्या पदराची दोरी काढली, एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं. "डीएनएचेही असेच दोन पदर असतात. आता टोक न सोडता पीळ वाढवू." दोरी ताठरली, तिने हात पुढे नेताच ती स्वतःभोवतीच वेटोळी घेऊ लागली.

"बाजेची नवी दोरी अशीच अंगावर येती बघा!" सर्जेराव खुलले.

तिने सगळा वाढीव पीळ काढला आणि दोरी आणखी उलट फिरवली. पुन्हा वेटोळी पडली. "इवल्याशा पेशीत लांबलचक डीएनए मावतो, त्यात या वेटोळ्यांचा हात असतो. ती दोन्ही तऱ्हांनी पडतात. पण पेशीला डीएनए वाचायचाही असतो, त्यासाठी पदर सुटे व्हावे लागतात. म्हणून ती पीळ वाढवत नाही, थोडा कमी करते."

"चूक," धारूरकर म्हणाले. "पेशी पीळ घट्ट करते. माझं पुस्तक वाचलं नाहीत वाटतं?"

तिने ते वाचलं होतं; तो परिच्छेद ती दरवर्षी मुलांना पेन्सिलीने खोडायला सांगत असे. 'माझीच गफलत झाली, सर' एवढं म्हटलं की जागा पदरात पडणार होती. ती इतकी थकली होती की क्षणभर तसं म्हणण्याचा मोहही झाला.

"वाचलंय, सर. चूक तिथंच आहे."

सर्जेराव सावरून बसले. "आता आली का मजा!"

तिने दोरी पुन्हा घट्ट पिळून धारूरकरांपुढे धरली. "पदरांमध्ये बोट घालून बघा." घट्ट पिळात नखही शिरेना. तिने पीळ उलटा फिरवला, तेव्हा पदर फाकले.

"गेलं की वो बोट!" सर्जेराव ओरडले.

"दोरी म्हणजे डीएनए नव्हे," धारूरकरांनी बोट काढून घेतलं. "उकळत्या झऱ्यांतल्या काही जिवांत पीळ घट्टच असतो."

"असतो. पण तुमच्या पुस्तकात झऱ्याचं नावही नाही, सर."

"मंग खरं काय धरायचं?" सर्जेरावांनी विचारलं.

"यावर दोन मतं आहेत," धारूरकर म्हणाले आणि मान खाली घालून तिचे गुण लिहू लागले. विद्वान माघार घेतात ती अशी, अंगावर सुरकुतीही न पडू देता.

संध्याकाळी निवड जाहीर झाली. नाव दुसऱ्याचं होतं. करुणा मुकुंदवाडीला जाणाऱ्या रिक्षाची वाट पाहत फाटकाशी उभी असताना धारूरकरांची गाडी थांबली. काच खाली झाली.

"खिल्लारे मॅडम, तुमचं बरोबर होतं हो. पण चारचौघांत असं बोलायचं नसतं." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "नवी आवृत्ती काढतोय. तेवढा पाठ लिहून देता का? मुलांचं नुकसान व्हायला नको."

तिने मनात संताप चाचपून पाहिला. तो होता, पण थंड पडलेला. शेवटचं वाक्य ज्याने म्हणू नये त्याने म्हटलं होतं, आणि तरीही ते खरं होतं.

"लिहून देते."

"प्रस्तावनेत तुमचे आभार मानूच."

"नको, सर. त्या पुस्तकात माझं नाव कुठेही येऊ देऊ नका."

"केवढा हा विनय!" धारूरकर गहिवरून म्हणाले आणि काच वर गेली.