उरले म्हणजे वजा

वर्गात अठ्ठावीस मुलं, दोन तक्ते, एक बंद पंखा आणि दोन प्रश्नपत्रिका होत्या. प्रत्येक पत्रिकेत वीस गणितं. आकडे वेगळे, काठिण्य सारखं. एक पत्रिका मराठीत, दुसरी इंग्रजीत. निम्म्या मुलांना आधी मराठी दिली, निम्म्यांना आधी इंग्रजी, मध्ये आठवड्याचं अंतर ठेवून.

मुलं सहावीतली, खडकीतली, आतापर्यंत सगळं मराठीतून शिकलेली. मी त्यांना गणित शिकवत होते. जूनपासून शाळेत सेमीची तुकडी निघणार होती, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. एक तुकडी मराठीच राहणार होती. निवड पालकांची. त्यांनी निवडण्याआधी मला फरक मोजायचा होता.

मैत्री नावाच्या मुलीला मराठीत वीसपैकी अठरा मिळाले, इंग्रजीत सहा.

मराठी पत्रिकेतलं सातवं गणित असं होतं : पिशवीतून आठ चेंडू काढले, पंधरा उरले, आधी किती होते? बऱ्याच मुलांनी सात लिहिलं. मैत्रीनं तेवीस. कसं केलंस, म्हणून विचारलं.

"काढलेले परत पिशवीत टाकले," ती म्हणाली. "मनात."

मुख्याध्यापिका हेमा मॅडमनी दोन्ही पत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. "बारा गुणांचा फरक. वर्षभरात घालवू आपण."

"मॅडम, गणित तिला येतंच आहे."

"येतंय, पण सांगणार कुणाला? तुम्हाला आणि मला?"

मग मैत्रीला मराठी तुकडीतच ठेवा, असं सांगायला मी तिच्या घरी गेले. तिचे वडील, धम्मदीप, दारूगोळा कारखान्यात कामाला आहेत. क्वार्टरच्या ओट्यावर बसून त्यांनी दोन्ही पत्रिका शेवटपर्यंत वाचल्या.

"आपण कुठल्या मीडियमच्या?"

"इंग्लिश."

"घरात बाकीचे?"

"इंग्लिशच."

"म्हणजे मराठी आमच्या मुलीसाठी राखून ठेवलंय म्हणा."

"अहो," मैत्रीची आई, राधाताई, आतून म्हणाल्या, "त्या चांगल्यासाठीच सांगतायत."

"मी कुठं वाईट म्हणतोय? चहा घ्या मॅडम. तुमचं मोजमाप बरोबर असणार. पण बढतीची परीक्षा मी तीनदा दिली. काम येत होतं, इंग्रजीतले प्रश्न कळत नव्हते. तिसऱ्या वेळी जो पास झाला, त्याला ते काम मी शिकवलं. आता तो माझा साहेब आहे." त्यांनी पत्रिका नीट घडी घालून परत दिल्या. "हिला सेमीलाच घाला."

मी चहा प्यायले.

सेमीच्या तुकडीला हिंदुराव सर गणित शिकवायचे. ते स्वतः मराठी माध्यमातून शिकलेले. त्यांच्या तासाला मराठी बोलायचं नाही असा शाळेचा नियम होता; बोलेल त्यानं उभं राहायचं. जुलैत त्यांनी भिंतीवर नवा इंग्रजी तक्ता लावला. ऑल्टुगेदर आलं की अधिक. लेफ्ट आलं की वजा. ईच आलं की गुणिले. शेअर आलं की भागिले. रोज तास सुरू होताना सगळा वर्ग तो तक्ता एका सुरात म्हणायचा. माझ्या वर्गापर्यंत ऐकू यायचा.

"सर, असं प्रत्येक वेळी नाही ना लागू पडत," मी एकदा म्हणाले. "गणित समजून वाचायला हवं."

"मॅडम, तास पस्तीस मिनिटांचा. त्यात इंग्रजी शिकवू की गणित, तेवढं सांगा. तेच शिकवतो."

फेब्रुवारीत मी त्याच पत्रिका आकडे बदलून पुन्हा घेतल्या. हेमा मॅडमनी आनंदानं परवानगी दिली. मैत्री सगळ्यांच्या आधी लिहून मोकळी झाली. मराठी पत्रिकेतलं सातवं गणित : पिशवीतून नऊ चेंडू काढले, सोळा उरले, आधी किती होते? तिनं सात लिहिलं होतं.

पत्रिका मी तिच्यासमोर धरली. "सोळा उरले. मग आधी सात कसे असतील?"

"उरले आहे ना त्यात," ती म्हणाली. "उरले म्हणजे लेफ्ट. लेफ्ट म्हणजे वजा."

"गेल्या वर्षी तू चेंडू परत पिशवीत टाकले होतेस."

"आता टाकावे लागत नाहीत, मॅडम. शब्द बघायचा फक्त."

हेमा मॅडमनी पत्रिका उघडल्या नाहीत, वरचे गुण तेवढे पाहिले. "बघा," त्या म्हणाल्या, "गेला ना फरक."

मैत्री : इंग्रजीत वीसपैकी नऊ, मराठीत वीसपैकी नऊ.