पैलवानाचे लाड

"पाठ फिरवू नका त्याला!" मी शिलाई मशीनवरून ओरडले, पण ह्यांनी पाठ फिरवलीच.

पैलवान मागून धावत आला, उडाला आणि दोन्ही पाय ह्यांच्या पोटरीवर हाणले. दाण्याचं घमेलं खाली पडलं, कोंबड्या ओरडत पांगल्या. मी खराटा घेऊन मध्ये पडले तेव्हा कुठे तो मागे हटला, आणि तोही मान फुगवून, एक पंख जमिनीला घासत. माझ्या कमरेला लागेल एवढा उंच कोंबडा! पायामागचा काटा माझ्या करंगळीएवढा.

ह्यांना घरात आणून बसवलं. रक्त काही थांबेना. हृदयाच्या दुखण्यापासून ह्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत. साधी दाढी करताना कापलं तरी कापूस धरून बसावं लागतं. मशीनवरचं अस्तराचं कापड होतं तेच दाबून धरलं आणि पायजमा वर सरकवला. गुडघ्याखाली आणखी दोन जखमा, माझ्याच कातरणातल्या हिरव्या चिंध्यांनी बांधलेल्या.

"ह्या कधीच्या?"

"एक परवाची."

"आणि दुसरी?"

हे छताकडे बघायला लागले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. जन्मभर विजेच्या खांबावर चढलेला लाइनमन, तिथे कधी ओरखडा नाही, आणि निवृत्त झाल्यावर कोंबड्याच्या हातून मरायला निघालाय!

मुलगी दवाखान्यात नर्स आहे. ड्युटीवरून तशीच आली, पट्टी बांधली आणि बापाच्या समोर बसली.

"बाबा, काटा शिरेत घुसला असता तर? मी कामावर, आई गिऱ्हाइकाकडे. परसात पडून राहिला असतात. आजच्या आज काढा त्याला."

"जात संपेल," हे म्हणाले.

"संपू दे! तुम्ही संपलात तर?"

पण जात संपेल हे काही खोटं नव्हतं. ही राखाडी, जाड हाडाची मोठी कोंबडी माझ्या सासऱ्यांपासून आमच्या परसात. आता सगळीकडे झटपट वाढणाऱ्या पांढऱ्या कोंबड्या आल्या. आमच्याकडून पिल्लं नेलेल्यांनीही भलतेच कोंबडे घालून सरमिसळ केली. गेल्या वर्षी मर आली, त्यात आमचे सगळे नर गेले. राहिलेल्या अंड्यांतून एकच नर निघाला, तोही मरतुकडा. तोच हा पैलवान.

आमच्या घरात सासऱ्यांपासूनचा नियम होता: तुरा लाल व्हायला लागला की नराला हात लावायचा नाही. मांडीवर घ्यायचं नाही, तळहातावर दाणे द्यायचे नाहीत. माणसाची भीड चेपली की तो माणसाला दुसरा कोंबडाच समजतो, आणि एवढ्या मोठ्या जातीत मग तो आवरत नाही. पिल्लू न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला हे बजावून सांगायचे, "लाड कोंबडीचे करा, नराचे नको."

आणि स्वतः काय केलं? तेव्हा हे नुकतेच दवाखान्यातून घरी आले होते. दोस्तमंडळी चार दिवस आली आणि मग यायची बंद झाली. हे दिवसभर खुर्चीत. ते मरतुकडं पिल्लू शर्टाच्या खिशात घेऊन बसायचे. पोटावर झोपवायचे. तुरा लाल झाला, वजन वाढलं, तरी ते मांडीवर. मी एकदा बोलले तर म्हणाले, "हा एकटाच आहे गं. ह्याला कोण आहे?"

शेवटी असं ठरलं: एक कोंबडी खुडूक बसली होती. तिच्याखाली पैलवानाची अंडी ठेवायची. त्यातून नर निघाले की पैलवान जाणार. तोवर ह्यांनी परसात पाऊल टाकायचं नाही, दाणापाणी मी करणार.

"शब्द द्या, बाबा."

"दिला."

ते दिवस कसे काढले, माझं मला माहीत. मी बादलीचं झाकण ढालीसारखं धरून आत जायची. पैलवान माझ्यावर दोनदा आला, झाकणावर धाडधाड आपटला. पण त्याचा खरा डोळा घरावर. हे जाळीपाशी स्टूल टाकून बसले की तो समोर येऊन उभा राहायचा आणि हे त्याच्याशी हळू आवाजात बोलायचे. माझ्याशी दिवसात जेवढं बोलायचे, त्याहून जास्त.

"नका बोलू त्याच्याशी."

"ऐकतो गं तो."

"ऐकत नाही, तुमचा पाय बघतोय!"

एका सकाळी मी गिऱ्हाइकाचे कपडे देऊन परत आले, तर परसाच्या दाराची कडी उघडी. धावत गेले. हे खुडूक कोंबडीच्या खोक्याला पाठ लावून जमिनीवर बसलेले. खोका ठेवलेल्या खोपट्याचं दार निखळून पडलेलं. हातातून, नडगीतून रक्त वाहतंय आणि समोर वीतभर अंतरावर पैलवान, मानेची पिसं ताठ.

मी तोंड उघडणार, तोच हे पुटपुटले, "ओरडू नकोस. अंडी फुटतायत. कोंबडी बिथरून उठली तर सगळी पिल्लं जातील."

"तुम्ही आत आलात कशाला?"

"हा खोक्यात घुसत होता. मी काय बघत बसू?"

पैलवान उडाला. ह्यांनी दंड आडवा धरला, काटा तिथे घुसला, पण ते खोक्यापुढून हलले नाहीत. ओरडलेही नाहीत. बाजूला दोरीवर चादर वाळत होती. मी ती ओढली आणि तो खाली उतरताच त्याच्यावर टाकून सगळ्या अंगानिशी पडले. अंधार झाला की कोंबडा थंडावतो. तसा तो थंडावला. खोक्यातून पिल्लांची चिवचिव येत होती आणि ह्यांच्या बाहीतून रक्त टपटप गळत होतं. देवा, ह्या माणसाला काय म्हणावं!

त्याला तसाच गुंडाळून टोपलीखाली घातला, वर दगड ठेवला आणि मुलीला फोन लावला. दंडाला टाके पडले. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. मुलगी दवाखान्यात रडली नाही, घरी आल्यावर रडली.

"खाटकाला बोलावते मी," ती म्हणाली.

"नको," हे म्हणाले. "त्याचा काय दोष? मी बिघडवला त्याला. मीच करीन."

"या हातांनी?"

"तुझी आई धरेल."

टोपली उचलून चादर सोडवली. मी झाकण घेऊन तयार होते, पण पैलवान आलाच नाही अंगावर. ह्यांनी चांगल्या हाताने त्याला उचलून मांडीवर घेतलं आणि तो तिथे गप्प बसला, मान खाली घालून. मांडीवर तो तसाच बसायचा. हे कितीतरी वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "पाय घट्ट धर." मी धरले. हात ह्यांचा चुकला नाही. त्या दिवशी आम्ही कुणी जेवलो नाही.

पिल्लं वाढली. त्यात नर निघाले, चांगले दणकट. हे पुन्हा परसात स्टूल टाकून बसायला लागले, पण हात मांडीवर ठेवून. दाणे टाकायचे ते लांब, घमेल्यातून.

त्या नरांतला एक भारी धीट निघाला. तुरा नुकता लाल व्हायला लागला होता. काल दुपारी तो तुरुतुरु आला आणि थेट ह्यांच्या पावलावर चढून उभा राहिला. मान तिरकी करून वर बघायला लागला. ह्यांचा हात खाली गेला. अर्ध्यात थांबला. मग तो हात ह्यांनी दुसऱ्या हाताने धरून मांडीवर ओढून घेतला.

"हड्!" हे केवढ्यांदा ओरडले आणि पाय आपटला. पिल्लू धडपडत, ओरडत आईकडे पळालं.

हे माझ्याकडे बघेनात.

"घाबरला ना नीट?" त्यांनी विचारलं.

"घाबरला हो," मी म्हणाले.