शेवटची सात पानं

आमच्या सुरतेतल्या उधन्याच्या मराठी वाचनालयात कोणती पुस्तकं यावीत हे मी ठरवते. मला कोणी नेमलेलं नाही. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त झाले आणि समितीच्या पहिल्याच बैठकीत मधल्या खुर्चीवर जाऊन बसले. तेव्हापासून मला तिथून उठवायची कोणाची हिंमत झालेली नाही.

तर ग्रंथपाल रुपालीने मला न विचारता जुन्या पुस्तकांचा एक गठ्ठा घेतला. त्यात एक कादंबरी होती, 'लिफ्ट बंद आहे'. मुखपृष्ठावर जिन्यात बसलेली मुलगी, वरच्या पायरीवर मुलगा आणि मध्ये मांजर.

"ही असली पुस्तकं आपल्याकडे?" मी म्हटलं.

"बाई, लोक मागतात."

"लोक उद्या भजी मागतील!"

मी ती पिशवीत टाकली. वाचायला नव्हे हं. आक्षेपार्ह मजकुराखाली रेघा मारून रविवारच्या बैठकीत लेखी अभिप्राय देणार होते.

पहिल्या दहा पानांत मी सहा रेघा मारल्या. त्यातल्या चार शुद्धलेखनासाठी होत्या. गोष्ट अशी, की पुण्यातल्या एका इमारतीत अकराव्या मजल्यावर विशाखा नावाची दातांची डॉक्टर राहते आणि तळमजल्यावर लोकेश. तिचं मांजर रोज खाली पळतं आणि लिफ्ट बंद असल्यामुळे लोकेश रोज ते कडेवर घेऊन अकरा मजले चढतो. शेंबड्या पोरालाही पुढचं कळेल. मला मात्र कळत असूनही पान उलटल्याशिवाय राहवेना. चाळिसाव्या पानानंतर पेन्सिल कुठे गेली, देव जाणे.

आमचे हे, योगराज, खोलीत आले की मी पुस्तकावर गुजराती पेपर ओढायची.

"सरला, एकटीच काय हसतेस?"

"बातमीच तशी आहे."

"त्या पानावर बाजारभाव आहेत," ते म्हणाले आणि निघून गेले.

मंगळवारी सकाळी मी एकशे चौऱ्याऐंशीव्या पानावर पोचले. भांडण झालेलं, मांजर हरवून सापडलेलं. लोकेश धापा टाकत अकरावा मजला गाठतो, विशाखा दार उघडते आणि म्हणते...

पुढे पुठ्ठा. शेवटची सात पानं गायब, शिवणीत त्यांच्या फाटक्या कडा तेवढ्या.

मी रुपालीला फोन लावला. आवाज शक्य तितका कोरडा ठेवला. "त्या पुस्तकाची फार दुरवस्था आहे. आधी कोणी नेलं होतं?"

नेलं होतं एकाच वाचकाने. लोटू महाजन, कामरेजच्या एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात कामाला. रविवारी उधन्याला बहिणीकडे येतो तेव्हा पुस्तक बदलतो. नोंदवहीतला नंबर-पत्ता घेऊन मी त्याला चार वेळा फोन केला, उचलेना. रविवारला पाच दिवस होते. बासष्टाव्या वर्षी माणसाला पाच दिवस थांबता यायला हवं. मी यांना "वाचनालयाचं काम आहे" असं सांगितलं आणि कामरेजची बस पकडली. वाटेत लोटूला काय झापायचं ते पाठ करत होते. सार्वजनिक मालमत्ता, नागरिकाचं कर्तव्य वगैरे.

कारखान्यात यंत्रांचा एवढा खडखडाट होता, की फोन का उचलला नाही ते समजलं. पंचेचाळिशीचा एक माणूस हात पुसत आला, मला बघून थबकला आणि थेट वाकून पाया पडला.

"बाई! मी लोटू. सातवी ब. तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं होतं."

"कशाबद्दल?"

"मराठीच्या पुस्तकात प्रेमकथा ठेवून वाचत होतो."

पाठ केलेलं भाषण मी सोडून दिलं. मी पिशवीतून पुस्तक काढलं. "लोटू, याची शेवटची पानं?"

"ती नव्हतीच, बाई. मलाही तसंच मिळालं." तो ओशाळला. "मग मी आणि सुवर्णाने आपापला शेवट केला."

सुवर्णा त्याची बायको. ती तिथेच साड्यांचे धागे कापत बसली होती. लोटूच्या शेवटात विशाखा रडत लोकेशच्या गळ्यात पडते आणि त्याच क्षणी लिफ्ट सुरू होते.

"छे! काहीतरीच," मी म्हणाले. "विशाखा रडणारी मुलगी नाही. ती आधी माफी मागेल, तीही नीट, पूर्ण वाक्यात."

"अकरा मजले चढीसन उना तो," सुवर्णा मान वर न करता अहिराणीत म्हणाली. "ती म्हणी, पहिले पानी पी."

"एवढंच?" मी आणि लोटू एकदमच म्हणालो.

जेवणाची सुट्टी झाली होती. बाकीच्या बायका डबे घेऊन जवळ सरकल्या. कोण विशाखा, कोण लोकेश, असं विचारू लागल्या. मी बंदी घालायला निघालेली बाई, पण कापडाच्या गठ्ठ्यावर बसून त्यांना अख्खी कादंबरी सांगितली, मांजराच्या आवाजासकट. एकीने मला भाकरी दिली. मी तोंडात घास असतानाच बोलत होते. शाळेत याबद्दल मी मुलांना किती रागावले असेन!

रविवारच्या बैठकीत मी अभिप्राय वाचला: "सदर पुस्तक अत्यंत आक्षेपार्ह आहे. त्याला शेवट नाही. तरी नवी प्रत तातडीने मागवावी." समितीत कोणी हसलं नाही. रुपाली मात्र बराच वेळ खाली वाकून टेबलाखाली काहीतरी शोधत होती.

नवी प्रत दहा दिवसांनी आली. मी वाचनालयातच उभ्याने एकशे पंच्याऐंशीवं पान उघडलं. विशाखाने माफी मागितली नव्हती. ती रडलीही नव्हती. तिने लोकेशच्या हातात पाण्याचा तांब्या दिला होता.

मी लोटूला फोन केला. या वेळी त्याने उचलला.

"सुवर्णाचं बरोबर निघालं," मी म्हणाले.

पलीकडे यंत्रांचा खडखडाट चालूच होता.

"बाई," तो म्हणाला, "लिफ्टचं काय झालं ते आधी सांगा."