काळी सतरा मिनिटं

तेजश्रीने काउंटरवर कॅसेट ठेवली तेव्हा गुरुशांतने ती उचललीसुद्धा नाही. आधी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"कुणाची म्हणालीस?"

"धर्मपाल कांबळेंची मुलगी. ते तुमच्याकडे कॅमेरामन होते. अकरा वर्षं."

"ठाऊक हाय मला किती वर्षं होता ते." त्याने कॅसेट एका बोटाने तिच्याकडे परत सरकवली. "हितं असली कामं होत न्हाईत."

दुकान सोलापूरच्या बाळीवेशीत होतं. बाहेरच्या बोर्डावर ड्रोन, प्री-वेडिंग, एलईडी वॉल असं सगळं होतं आणि खाली बारीक अक्षरात 'जुन्या कॅसेट पेन ड्राइव्हमध्ये करून मिळतील' असंही होतं. तेजश्रीने मागे वळून त्या ओळीकडे बोट दाखवलं.

"बोर्डावर लिहिलंय की."

"बोर्डावर लई काय काय लिहिलंय."

आतल्या खोलीतून काव्या बाहेर आली. गुरुशांतची मुलगी, सत्तावीस वर्षांची. आता एडिटिंग सगळं तीच बघायची. तिने कॅसेट हातात घेतली, उजेडाकडे धरून तिच्या छोट्या खिडकीतून आत पाहिलं. "मिनी डीव्ही आहे अप्पा. बुरशी नाही. होईल."

"हेड खराब झालं तर नवीन कुठून आणशील? कॅमेऱ्याचा एकबी पार्ट मिळत न्हाई आता."

"गिऱ्हाईक आहे, अप्पा."

"गिऱ्हाईक न्हाई ती," गुरुशांत म्हणाला. पण काव्या कॅसेट घेऊन आत गेली होती.

तेजश्रीला या दुकानात पाऊल टाकायचं नव्हतं. ती एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती आणि गेले दोन महिने सुट्टीच्या दिवशी सोलापुरातले स्टुडिओ पालथे घालत होती. एकाकडे कॅमेरा होता पण टेप ओढत नव्हता. दुसऱ्याने ही छोटी कॅसेट मोठ्या व्हीसीआरमध्ये घालून बघितली आणि बसत नाही म्हणून परत दिली. पुण्याच्या एका माणसाचा नंबर मिळाला. तो फोनवर अर्धा तास नीट बोलला, सगळं समजावून सांगितलं, पण कॅसेट कुरिअरने पाठवा म्हणाला. ती तिने हातातून सोडली नसती. शेवटी ज्याने त्याने एकच नाव घेतलं. चालू कॅमेरा आणि त्यातून कॅसेट उतरवून घेणाऱ्या जुन्या कार्डाचा कॉम्प्युटर, दोन्ही फक्त गुरुशांतकडे.

कॅसेट धर्मपालच्या पत्र्याच्या पेटीत होती. मे २००३. नातेपुत्याच्या एका लग्नाची दुसरी कॅसेट. पहिलीत हळद आणि सीमांतपूजन होतं, ते व्यवस्थित आलं. दुसरीत अक्षता पडायच्या होत्या. एडिटिंगला बसल्यावर निघालं ते असं, की दुसऱ्या कॅसेटची पहिली सतरा मिनिटं नुसती काळी. चित्र नाही, आवाज नाही. त्यानंतर एकदम पंगती. मंगळाष्टका नाहीत, अक्षता नाहीत, मुलीच्या बापाने डोळे पुसले ते नाही.

गुरुशांतने नातेपुत्याच्या लोकांना सांगितलं, कॅमेरामन प्यालेला होता. लेन्सची टोपी काढली नाही, माइक चालू केला नाही. मुलीचा भाऊ सोलापूरला आला आणि त्याने दुकानातच, चार माणसांदेखत, धर्मपालच्या कानाखाली वाजवली. गुरुशांतने ती कॅसेट त्याच्या छातीवर फेकली आणि म्हणाला, "ठेव जपून. आठवण."

धर्मपाल आयुष्यात कधी प्याला नव्हता. पण त्यानंतर शहरातल्या एकाही स्टुडिओने त्याच्या हातात कॅमेरा दिला नाही. तो शाळेच्या मुलांची रिक्षा चालवायला लागला. तेजश्री तेव्हा तेरा वर्षांची होती. वर्गातल्या मुलींनी तिला काय काय विचारलं ते तिने घरी सांगितलं नाही.

त्याहून वाईट म्हणजे वडिलांना स्वतःलाच खात्री राहिली नाही. सुरुवातीला ते भांडून सांगायचे, मी डोळ्याने बघितलं होतं, चित्र दिसत होतं. पुढे पुढे आईला विचारायला लागले. जेवता जेवता थांबायचे. "मीना, मी टोपी काढली असंल ना?" दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्यांनी तेजश्रीलाही विचारलं. तिने हो म्हटलं. त्यांनी मान वळवली. तिला काय माहीत असणार, ती तिथे नव्हती.

आतल्या खोलीत काव्याने कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून घेतली. "वीस वर्षं एका जागी पडली की टेप चिकटते. एकदम प्ले केली तर तुटू शकते," ती म्हणाली. मग कॅमेरा केबलने कॉम्प्युटरला जोडला. "तासाची कॅसेट आहे, तासच लागेल. ही फाइल कॉपी केल्यासारखी होत नाही, जशी चालेल तशीच उतरते. तुम्ही जाऊन या पाहिजे तर."

"मी बसते."

गुरुशांत दारात येऊन उभा राहिला. "एमपीफोर करून दे नि मोकळी हो. मोबाइलवर चालंल."

"एमपीफोर नको," तेजश्री म्हणाली. "मूळ डीव्ही फाइल पाहिजे. तेरा जीबीची झाली तरी चालेल. मी हार्ड डिस्क आणलीय."

"एवढी मोठी घेऊन काय करणार हाईस? काळं तर हाय सगळं." तो हसला. "काळं एमपीफोरमधीबी काळंच दिसतं."

"तुम्हाला पाठ आहे की कुठे काळं आहे ते."

"पाठ असायला काय झालं? तुझ्या बापानं माझं नाव घालवलं नातेपुत्यात. पाच वरसं त्या बाजूचं एक काम मिळालं न्हाई."

"आमच्या घरचं काय गेलं ते विचारलंत कधी?"

"दारुड्याच्या घरी काय विचारायचं?"

"अप्पा!" काव्या ओरडली.

तेजश्री खुर्चीवरून उठली आणि पुन्हा बसली. तिने हात मांडीखाली घेतले. काव्याने प्ले दाबलं.

पडदा काळा झाला. कोपऱ्यात कॅसेटची मिनिटं पळत होती, बाकी काही नाही. तिघंही त्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिले. गुरुशांतला निघून जाता आलं असतं, पण तो गेला नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

चार मिनिटं गेल्यावर तेजश्री म्हणाली, "काव्या, डेटा कोडचं बटण असतं ना याला?"

काव्याने तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पुण्याच्या माणसानं. तो म्हणाला, डीव्हीत प्रत्येक चित्राबरोबर तारीख आणि वेळ आपोआप लिहिली जाते. चित्रावर दिसत नाही, आत लपलेली असते. टोपी लावून शूट केलं तरी लिहिली जाते. म्हणून मूळ फाइल घ्या, एमपीफोर केलं की ती जाते."

"काही गरज न्हाई," गुरुशांत म्हणाला. आवाज पहिल्यासारखाच होता, पण तो चौकटीपासून सुटून आत आला होता. "त्या कॅमेऱ्याचं घड्याळ कधी बरोबर नसायचं. आतली बॅटरी गेलेली."

काव्याने कॅमेऱ्याची बाजूची झडप उघडली आणि आतलं बटण दाबलं.

काळ्या पडद्यावर खाली पांढरी अक्षरं आली. २० मे २००३. सकाळी ११ वाजून १० मिनिटं.

"लग्न कधी होतं?" काव्याने विचारलं.

"अठरा तारखेला. रविवारी. बारा पस्तीसचा मुहूर्त. पत्रिका आहे माझ्याकडे."

"म्हटलं की, घड्याळ चुकलेलं असायचं," गुरुशांत म्हणाला.

"मग पंगतीची तारीख बघू," तेजश्री म्हणाली. "तेच घड्याळ, तीच कॅसेट."

अजून तेरा मिनिटं काळी होती. एकदा बाहेर कुणीतरी पासपोर्ट फोटोसाठी हाक मारली, तिला उत्तर गेलं नाही. अकरा तेवीसला काळोख तुटला. पडद्यावर क्षणभर रंगीत चौकोन उडाले आणि मांडव दिसला. पानं वाढलेली, बुंदीची बादली घेऊन धावणारा माणूस. कॅमेऱ्यामागून एक आवाज आला, "वहिनी, जरा इकडं बघा की. हां, हसा." तो धर्मपालचा आवाज होता. जराही अडखळत नव्हता. खाली अक्षरं बदलली होती. १८ मे २००३. दुपारी १२ वाजून ४९ मिनिटं.

काव्याने चालू कॅसेटवरच पुन्हा एकदा आकडे वाचले. मग सावकाश म्हणाली, "आधी वीस तारीख आणि मग अठरा. ओळीनं शूट केलेल्या कॅसेटवर असं होऊच शकत नाही. म्हणजे अठराचं आधी शूट झालं होतं आणि वीसला कुणीतरी त्याच्यावर सुरुवातीपासून काळं भरलं."

गुरुशांतने पुढे होऊन केबल खेचली. पडदा गोठला.

"बस झालं. ऊठ. माझ्या दुकानात पुरावे गोळा करायला आलीस व्हय?"

"अप्पा," काव्या उठली नाही. "कोऱ्या कॅसेट तुम्ही आधी काळ्या करून ठेवायचा. मला शिकवलंय तुम्हीच. टोपी लावायची, माइकच्या भोकात रिकामी पिन घालायची आणि रेकॉर्डिंग चालू करून ठेवायचं, म्हणजे कॅसेटचा वेळ सलग येतो, एडिटिंग सोपं जातं. आणि ते काम दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही तुम्ही. कपाटाची किल्ली तुमच्या कमरेला असायची."

गुरुशांतने कपाळावरचं विभूतीचं बोट नकळत पुसलं.

"त्या आठवड्यात तीन लग्नं होती," शेवटी तो म्हणाला. तेजश्रीकडे न बघता. "कोऱ्या नि भरलेल्या एकाच टेबलावर पडल्या होत्या. सतरा मिनिटांनी डबीवरचं नाव दिसलं मला."

"आणि तुम्ही बाबांना दारुडा ठरवलंत."

"खरं सांगितलं असतं तर दुकान बंद पडलं असतं माझं! नवा कॅमेरा घेतला होता. ही सहा वर्षांची होती."

"मी तेरा वर्षांची होते," तेजश्री म्हणाली.

काव्याने केबल परत लावली, कॅसेट त्या जागेवर आणली आणि उरलेलं उतरवून घेतलं. गुरुशांत बाहेर काउंटरवर जाऊन बसला. फाइल हार्ड डिस्कवर गेली. काव्याने पैसे घेतले नाहीत, तर तेजश्रीने नोटा कीबोर्डवर ठेवल्या आणि निघाली. तिला त्या घरचे उपकार नको होते.

मीनाबाईंनी घरी सगळं ऐकून घेतलं. लॅपटॉपवर नवऱ्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी तो तीनदा लावायला सांगितला. तारखांचं त्यांना दोनदा समजावून सांगावं लागलं.

"आपल्याला सांगितलं त्यानं," त्या म्हणाल्या. "पण सांगायचं तर त्यांना होतं. ज्यांच्यापुढं खोटं बोलला त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी दुकानात गेल्या तेव्हा लग्न ठरलेलं एक जोडपं अल्बमचे नमुने बघत होतं. गुरुशांतने मीनाबाईंना ओळखलं.

"जरा येळानं या. गिऱ्हाईक हाय."

"गिऱ्हाईक होतं तवाच मारलं होतं की आमच्या मानसाला," मीनाबाई म्हणाल्या आणि समोरच्या स्टुलावर बसल्या. "नातेपुत्याला फोन लावा मालक."

"वीस वर्षांचं मढं उकरताय तुमी."

"व्हय. लावा."

"नंबर न्हाई माझ्याकडं."

"माझ्याकडे आहे," काव्या आतून म्हणाली. ती बाहेर आली. तिचे डोळे सुजलेले होते. "मी रात्रीच शोधलाय. मुलीचा भाऊ, महेश्वर. खताचं दुकान आहे त्यांचं, नंबर इंटरनेटवर मिळाला."

"तू माझी पोरगी हाईस का हिची?" गुरुशांत दात आवळून म्हणाला.

काव्याने फोन लावून स्पीकरवर टाकला आणि त्याच्यासमोर ठेवला. अल्बम बघणारं जोडपं उठायच्या बेतात होतं, पण उठेना.

पलीकडून भारदस्त आवाज आला. गुरुशांतने नाव सांगितलं. लग्नाची आठवण दिली. मग घसा खाकरत, तुटक तुटक म्हणाला की ती सतरा मिनिटं त्याच्या हातून पुसली गेली. कॅमेरामनचा दोष नव्हता. तो प्यालेलाही नव्हता.

"हे आज सांगताय?" महेश्वरचा आवाज चढला. "एकवीस वर्षांनी? माझे वडील त्या लग्नानंतर चार महिन्यांत गेले. पोरीवर अक्षता टाकताना ते चालतेबोलते दिसले असते त्या कॅसेटमध्ये. आणि तुम्ही म्हणालात, त्यानं घालवलं. मी मारलं त्या माणसाला तुमच्या दुकानात. तुम्ही बघत उभे होता. थांबवलं का नाही मला? तोंड का उघडलं नाही तेव्हा?"

गुरुशांतने काउंटरवरचे अल्बम एकावर एक रचायला घेतले.

"ते आहेत का? त्यांचा नंबर द्या मला."

"न्हाईत," मीनाबाई फोनच्या दिशेने वाकून म्हणाल्या. "दिवाळीच्या आधी गेले. मी त्यांची बायको बोलतीय."

मग महेश्वरने काहीतरी सुरू केलं, "वहिनी, मी..." आणि फोन बंद झाला. रेंज गेली की त्याने ठेवला, कळलं नाही. परत आला नाही.

गुरुशांतने फोन उचलून काव्यापुढे टाकला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "झालं समाधान?" तो मीनाबाईंवर ओरडला. "माझ्या गिऱ्हाइकापुढं, माझ्या पोरीपुढं बोललो. झालं का आता?"

मीनाबाई स्टुलावरून उठल्या. पदर नीट केला.

"न्हाई झालं," त्या म्हणाल्या.

त्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आल्या. तेजश्री मागोमाग आली. दुकानातून काव्याचा रडवेला आवाज येत होता, मग शटर अर्धवट खाली ओढल्याचा. मीनाबाईंनी वळून पाहिलं नाही. रिक्षाला हात केला आणि आत बसता बसता विचारलं, "तुझी ड्युटी किती वाजता हाय?"

"बाराला."

"मग घरी जाऊन चार घास खा आधी," त्या म्हणाल्या आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगायला लागल्या.