कमी केलेली नावं

अकोटपासून दोन कोसांवरच्या बोर्डाच्या शाळेत सहदेव गुरुजी हेडमास्तर होऊन आले, तेव्हा शाळा चौथीपर्यंत होती. वरच्या दोन वर्गांना नियाज मास्तर शिकवत. पोरं मुख्यतः माळ्यांची, कुणब्यांची आणि चार-सहा बागवानांची. त्यांच्या घरी अक्षर असं पहिल्यांदाच येत होतं.

पहिल्या वर्षी चौथीच्या परीक्षेला सव्वीस पोरं बसली आणि नऊच पास झाली. डिप्टीसाहेबांनी तपासणीला आल्यावर स्पष्टच सांगितलं, की असाच निकाल राहिला तर शाळा दुसरीपर्यंतच ठेवावी लागेल. गुरुजी धास्तावले. नांदगाव खंडेश्वरला चुलत्याच्या घरी राहून, पाणी भरून ते शिकले होते. आपल्या हाताखाली शाळा बुडाली हे त्यांना सोसणार नव्हतं.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत त्यांनी हजेरीपट पुढ्यात घेतला आणि ज्यांची हजेरी निम्म्याहून कमी, अशी चौथीतली अकरा नावं कमी केली. त्यांतली नऊ बागाईतवाल्यांची होती. त्यांच्या घरी वांगी-मेथी तोडायची वेळ आणि शाळेची वेळ एकच.

नियाज मास्तर म्हणाले, "शालूचं तेवढं राहू द्या, गुरुजी. दोन दिवस येते, पन सहा दिवसांचं करून येते. गणितात तिच्यासारखं कोणी नाई."

एकाला सवलत दिली तर दहांना द्यावी लागेल, असं गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी शालूच्या नावावरही लाल रेघ ओढली.

दोन दिवसांनी शालूची आई पार्बताबाई भाजीची टोपली पायरीवर ठेवून दारात उभी राहिली. पोरगी रोज नसली तरी येत होती, मग नाव कमी कशानं झालं, एवढंच तिनं विचारलं. गुरुजींनी नियम सांगितला आणि जूनमध्ये पुन्हा नाव घालायला सांगितलं. ती बरं म्हणाली आणि टोपली उचलून गेली.

फेब्रुवारीत अमरावतीहून कागद आला. ज्या घरात कोणी शिकलं नाही, अशा घरची मुलगी चौथीत वरच्या नंबरानं आली तर तिला अमरावतीच्या मुलींच्या शाळेत जागा मिळणार होती. राहणं-जेवण तिथंच, आणि पुढं मास्तरीण होण्याची वाट. शिफारस हेडमास्तरांनी करायची. नियाज मास्तरांनी कागद दोनदा वाचला. "हे तं शालूसाठीच काढल्यासारखं आहे," ते म्हणाले.

गुरुजींनाही ते कळत होतं. पण तिचं नाव परत घालायचं म्हणजे कारण लिहावं लागणार. एकीचं कारण लिहिलं की डिप्टीसाहेब उरलेल्या दहांचंही विचारणार. त्यांनी कागद घडी करून कपाटात ठेवला आणि नियाज मास्तरांना मुदत संपली म्हणून सांगितलं. मुदत अजून बारा दिवस होती. नियाज मास्तरांनी कागदावरची तारीख वाचली होती. ते वर्गाकडे निघून गेले.

परीक्षेला पंधरा पोरं बसली, तेरा पास झाली. डिप्टीसाहेबांनी शेरेबुकात 'निकाल प्रशंसनीय' असं लिहिलं. कपाट उघडायची वेळ आली की मात्र गुरुजींचा हात थबके.

जूनमध्ये अकरांपैकी चौघं परत आली. शालू आली नाही. आठ दिवस वाट पाहून गुरुजी मळ्यात गेले. पार्बताबाई विहिरीपाशी मेथीच्या जुड्या बांधत होती. शालू शेजारी धाकट्या बहिणीची वेणी घालत होती. परतवाड्याच्या एका घरी शालूची सोयरीक ठरली, असं पार्बताबाईनं सांगितलं. नाव निघालं तेव्हाच पोरीच्या बापानं बोलणी सुरू केली होती.

गुरुजींना राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं: अमरावतीचा कागद, उरलेले बारा दिवस, आपण खोटं बोललो तेही. शालूचे हात वेणीतच थांबले. मग ती उठून झोपडीत गेली.

पार्बताबाईनं हातातली जुडी पुरी बांधली. "हे आता कावून सांगतलं, गुरुजी?" ती म्हणाली. "मले ठाऊक नव्हतं, तं मी नशिबाले बोल लावत होती. ते बरं होतं. तुमचं मन हलकं झालं. आता पोरीनं काय करावं?"

 गुरुजी बांधावरून परत फिरले.

त्या वर्षी त्यांनी एकही नाव कमी केलं नाही. एकोणतीस बसली, दहा पास झाली, आणि डिप्टीसाहेबांचा शेरा कडक आला. शाळा कशीबशी चौथीपर्यंत राहिली. नियाज मास्तर कामापुरतं बोलत. शालूचं लग्न दुसऱ्या उन्हाळ्यात झालं. पत्रिका शाळेत आली नाही.

तिची धाकटी बहीण सहा वर्षांची झाली, तेव्हा गुरुजी तिचं नाव घालायला दोनदा मळ्यात गेले. पार्बताबाईनं दोन्ही वेळा बसायला घोंगडी टाकली, गुळपाणी दिलं, आणि "पाहू" म्हणाली. पोरीला तिनं शाळेत धाडलं नाही.