केकवरचं नाव

पहिला केक ओव्हनमधून बाहेर काढला तेव्हा त्याच्यावर माझ्या नणंदेचं नाव कोरलेलं होतं. सौ. विजयमाला बाजीराव साळुंखे यांजकडून सप्रेम भेट, आणि खाली तारीख. भांड्यांवर नावं घालायच्या मशिननं टिंबाटिंबांची अक्षरं उमटतात, तशीच ही होती. केक छान फुगला होता, रंग बदामी आला होता. मी सुरी घेतली आणि नाव खरवडून काढलं.

खाली पुन्हा नाव होतं.

मी आणखी एक थर कापला. तिथेही होतं, तारखेसकट. असं करत करत तळाचा कागद लागला तेव्हा केक म्हणून माझ्यापुढे नुसता चुरा उरला होता. मला संताप आला. अंडी मी फेटली होती, मैदा मी चाळला होता, लोणी साखरेत घोटून घोटून माझा खांदा भरून आला होता. वन्सं त्या वेळी कोल्हापुरात आपल्या घरी टीव्ही बघत बसल्या असतील.

ओव्हनची मला लग्नापासून हौस. आमच्याकडे केक व्हायचा तो कुकरमध्ये. शिटी काढायची, रबर काढायचं, तळाला वाळू पसरायची आणि वर डबा ठेवून देवाचं नाव घ्यायचं. एक बाजू करपायची, दुसरी कच्ची राहायची आणि मधे खड्डा पडायचा. ओव्हनचा विषय काढला की हे म्हणायचे, कुकरमध्ये होतोय की. कऱ्हाडच्या बाजारातून जाताना दुकानाच्या काचेपाशी माझी चाल आपोआप हळू व्हायची, आणि नेमकी तिथेच ह्यांची भरभर व्हायची.

मग आम्ही नवीन फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीला वन्संनी ओव्हन आणला. मला भर मांडवात रडू आलं, ते अगदी खरं रडू होतं. मी त्यांना मिठी मारली. मिठीतून त्यांच्या खांद्यावरून पाहिलं तर ओव्हनच्या काचेवर नाव होतं, वरच्या पत्र्यावर नाव होतं, ट्रेवर, जाळीवर, ट्रे ओढायच्या चिमट्यावरसुद्धा होतं. नाव घालूनच आणलाय, वन्सं म्हणाल्या, म्हणजे कुणी दिला ते सांगत बसायला नको. आपल्याकडे भेटीच्या भांड्यावर नाव असतंच, त्यात नवल ते काय. पण पातेल्यावर नाव असलं म्हणून आतली आमटी कधी कुणी त्या माणसाची म्हणत नाही, आणि माझं सगळं भांडण तिथेच होतं.

ह्यांनी केकचा चुरा चमच्यानं खाल्ला.

"आक्काचा केक झकास झालाय," हे म्हणाले.

"मी केलाय."

"तूच केलायस. पण आक्काचा आहे ना." आणि त्यांनी बोटावरचा कण मला दाखवला. कणावर नाव होतं.

लगेच त्यांनी वन्संना फोन लावून आभार मानले. आमच्या घरातला केक जो खाई तो वन्संना फोन करी, हे पुढे नेहमीचंच झालं. समोरच्या बागवानभाभींनी केला. सोसायटीच्या चेअरमननी केला. दूधवाल्याकडे नंबर नव्हता, त्यानं माझ्याकडे मागून घेतला आणि माझ्याच दारात उभा राहून, माझ्याकडे पाठ करून, केक लई भारी झालाय म्हणून वन्संना सांगितलं. मी दाराची कडी धरून ते ऐकत होते. संध्याकाळी वन्संचा मला फोन आला. सगळ्यांना आवडला म्हणे, पुढच्या वेळी वेलची जरा कमी घाल.

केकवर जागा भरपूर असते म्हणून हे होतंय, असं मी ठरवलं आणि नानकटाया केल्या. अगदी सुपारीएवढ्या. अक्षरं लहान झाली, पण एकही गळलं नाही. मग खारी केली. तिचे पदर सुटे करून उजेडात धरले, तर प्रत्येक पदरात नाव होतं. शेवटी मी ओव्हनवर चादर टाकली आणि चक्क माळ्यावरचा कुकर काढला. तळाला वाळू पसरली, वर डबा ठेवला. केक नेहमीसारखा एकीकडून करपला, मधे खड्डा पडला, आणि खड्ड्याच्या कडेनं गोल अक्षरं उमटली. पाटबंधारे उपविभाग, समस्त कर्मचारी वर्ग यांजकडून. कुकर ह्यांच्या ऑफिसनं लग्नात दिलेला. इतकी वर्षं तो गप्प होता. ओव्हनचं बघून त्याला आठवलं.

त्यानंतर घरातल्या सगळ्याच भांड्यांना आठवलं. भातावर ह्यांच्या मावशींचं नाव यायला लागलं, पोह्यांवर त्यांच्या मित्राचं. दुधाच्या सायीवर एका पतसंस्थेचं नाव असायचं, रौप्यमहोत्सवानिमित्त. हे जेवायला बसले की आधी ताट वाचायचे. लोकांनी आपल्यासाठी किती केलंय बघ, म्हणायचे, आणि प्रत्येकाला फोन करायचे. आमटीवर कैलासवासी काकांचं नाव असायचं. त्यांना फोन लागायचा नाही, तरी हे थोडा वेळ कानाला लावून बसायचे. तोवर भाकरी गार होऊन चामट व्हायची. ती मी पुन्हा गरम करून आणायची, आणि तिच्यावर तव्यावरचं नाव जास्तच ठळक व्हायचं.

मी एकेक कपाट उपसलं. माझं नाव असलेलं एक तरी भांडं असेल, निदान वाटी. नव्हतं. आम्हीही आजवर लोकांना भांडी दिलीच की. बाजारात जाऊन मी निवडली, बोटानं वाजवून मी पाहिली, पिशवीतून मी वाहून आणली. पण नाव घालताना दुकानदार नेहमी ह्यांचंच नाव विचारायचा आणि मीच ते सांगायचे, श्री. विश्वास आनंदराव नलवडे. आता त्या त्या घरांतून ह्यांना फोन यायला लागले. भात मोकळा झाला, आभारी आहे. असू दे, असू दे, हे म्हणायचे आणि मिशीवरून हात फिरवायचे.

इथवरही मी सहन केलं असतं. मग एका सकाळी ऋतुजाच्या केसांना तेल लावत होते. ऋतुजा आमची मुलगी, कॉलेजात आहे. मी केस वर उचलले तर मानेवर, केस संपतात तिथे, टिंबं होती. सौ. विजयमाला बाजीराव साळुंखे यांजकडून सप्रेम भेट. तारीख बारशाची होती. हिचं नाव वन्संनी ठेवलं, आत्याच ठेवते, रीतच आहे. पण पोटात मी वाढवली होती. कळा मी दिल्या होत्या. गोवरात तिच्या उशाशी बसून मी वारा घातला होता. मी बेसन लावून घासलं, दगडानं घासलं. कातडी लाल झाली आणि अक्षरं अजून स्वच्छ दिसायला लागली.

"असू दे ना आई," ऋतुजा म्हणाली. "केसांत दिसत नाही."

"मला दिसतं ना."

"पण आत्या चांगली आहे की."

वन्सं चांगल्या आहेत हे मला कुणी सांगायला नको होतं. त्या वाईट असत्या तर मी केव्हाच भांडून मोकळी झाले असते. मी चप्पल घातली, केकचा एक कोरा डबा विकत घेतला आणि भांड्यांच्या गल्लीत गेले.

नावं घालणारा दुकानाच्या पायरीवर बसला होता. माझ्यामागे लगेच बायकांची रांग लागली, हातात घागरी, पराती, तांबे घेऊन. मी डबा पुढे केला आणि म्हणाले, घाला, सौ. सायली नलवडे. मशिन घरघरलं, सुई डब्यावरून फिरली, आणि डबा कोराच राहिला. त्यानं सुईवर फुंकर मारली. स्वतःचं नाव घालून पाहिलं, ते उमटलं. ते घासून टाकून त्यानं पुन्हा माझं घातलं. डबा कोरा.

"ह्ये नाव तुमाला कुनी दिलं?" त्यानं विचारलं.

"ह्यांनी. लग्नात, ताटातल्या तांदळावर लिहून."

"मग ते त्यांचं झालं. म्हायेरचं सांगा."

"शकुंतला."

"ते कुनी ठेवलं?"

"आत्यानं."

"मग ते आत्याचं," तो म्हणाला. "कुनी न दिल्यालं, तुमचं सोताचं नाव असंल तर बोला, बाई. मागं गिऱ्हाईक हाय."

तांदूळ माझ्या माहेरचे होते, मी म्हणाले, माझ्या बापानं पिकवलेले होते. तो म्हणाला, तांदळाचं मला ठाऊक नाही, मी नावं घालतो. मागच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या घागरींवर भराभर नावं पडत गेली, सगळी पुरुषांची, आणि त्या घागरी कडेला घेऊन समाधानानं घरी गेल्या. मला त्या माणसाचा राग आला, त्या बायकांचा आला, आणि सगळ्यात जास्त राग स्वतःचा आला, कारण त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला खरोखरच येत नव्हतं. मी कोरा डबा घेऊन परत आले. दारात पोचेपर्यंत त्याच्यावर दुकानदाराचं नाव आलं होतं.

रविवारी ऋतुजाचा वाढदिवस होता. वन्सं सकाळीच आल्या. ह्यांनी सगळ्या सोसायटीला बोलावलं होतं, आक्काच्या ओव्हनमधला केक खायला या म्हणून. माणसं बाहेर मावेनात तशी स्वयंपाकघरात आली. भिंती जरा आत सरकल्या, त्यांना जागा द्यायच्या ऐवजी. मी बागवानभाभींचं कोपर चुकवत अंडी फेटली. वन्सं शेजारी उभ्या राहून, गोलगोल नाही, एकाच दिशेनं फेट, असं सांगत होत्या. मी एकाच दिशेनं फेटत होते.

केकचं मिश्रण तयार झालं. ओतायला डबा शोधायला लागले, तर ओट्यावरच्या एकूण एक भांड्यानं आपलं नाव माझ्याकडे वळवलं. मी हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या, त्यांच्यावरही आतून नावं होती. मग मी माझे हात पाहिले. दोन्ही बाजूंनी पाहिले, नखांखाली पाहिलं, मनगटाच्या शिरा पाहिल्या. पिठाच्या पांढऱ्या रेषांखेरीज तिथे काही नव्हतं. मी ओंजळ केली आणि ऋतुजाला म्हणाले, ओत.

तिनं ओतलं. मिश्रण गार होतं आणि जड होतं, आणि एक थेंबही बोटांमधून गळला नाही.

"हात भाजतील," हे म्हणाले.

"अगं, माझा ओव्हन खराब होईल," वन्सं म्हणाल्या.

"वन्सं, तुम्ही तो मला दिलात ना?"

"दिला की."

"मग सोडा."

वन्संनी ओव्हनच्या दारावरचा हात काढला नाही. तो त्यांनी तिथे केव्हापासून ठेवला होता हे मला आठवेना. बहुतेक वास्तुशांतीपासून असावा. ऋतुजानं त्यांची बोटं एकेक करून उचलली. दार उघडलं, आणि मी ओंजळ आत घातली. आधी मनगटं आत गेली, मग कोपरं, मग ओव्हन अजून खोल निघाला आणि मला खांद्यापर्यंत वाकावं लागलं. आत लालभडक गज होते. हात उन्हात ठेवल्यासारखे तापले, पण भाजले नाहीत.

मागे सगळ्यांनी खिशांतून, पर्समधून फोन काढले होते. आभार कुणाचे मानायचे ते एकदा वाचायला मिळालं की नंबर लावायचा, म्हणून ते थांबले होते. ह्यांनी तर आधीच फोन कानाला लावला होता.

ओंजळीत केक फुगायला लागला. माझ्या दहा बोटांमध्ये तो वर वर येत होता, सगळीकडून सारखा, आणि मधे खड्डा नव्हता. पृष्ठभाग कोरा होता. मी इतकी खूश झाले की मला हसू फुटलं. हसले तसं मधोमध एक टिंब पडलं. त्याच्या शेजारी दुसरं पडलं. सुई कुठेच नव्हती, तरी टिंबं एकामागून एक पडत गेली, वळली, जोडली गेली, आणि एक अक्षर पूर्ण झालं. ते अक्षर मी कुठल्याही भांड्यावर पाहिलं नव्हतं. मला ते वाचता येईना. दुसरं अक्षर सुरू झालं.

"थांब, मी वाचते," वन्सं म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या खांद्यावरून आत वाकल्या.

"तुम्ही वाचू नका," मी म्हणाले. "माझं आहे ते. वन्सं, तुम्ही वाचू नका."

माझे दोन्ही हात केकखाली अडकले होते. वन्संनी नीट दिसावं म्हणून डोळे बारीक केले आणि वाचायला तोंड उघडलं.